सूनबाईची मीटिंग आणि अडकलेलं पोर्टल

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"मी ५८ वर्षांची आहे. महात्मानगर भागात तळमजला आणि वर एक मजला असं आमचं घर आहे. सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची खाती आणि जीएसटीची विवरणपत्रं मी घरूनच करते. सकाळी बिलं लावते, दुपारी जेवून पुढच्या खोलीत पोर्टलवर बसते. मुलाचं लग्न गेल्या मार्गशीर्षात झालं. सून गुणी आहे. बंगळूरच्या कंपनीचं काम वरच्या खोलीतून करते. अडीचला तिच्या मीटिंगा सुरू होतात त्या सहापर्यंत, आणि नेमकं तेव्हाच माझं पोर्टल अडकतं. गोल फिरत राहतं, सेशन संपतं, पुन्हा लॉगिन. ती येण्याआधी हा त्रास नव्हता. वायफायच्या रेषा मात्र भरलेल्या दिसतात. राउटर वर आहे, कारण फायबर गच्चीवरून आलीय. मुलाने वर उभं राहून स्पीड टेस्ट मारली, ९२ आली. म्हणाला, 'आई, तुझा लॅपटॉप म्हातारा झाला.' नेटवाला म्हणतो, १०० चा प्लॅन ३०० करा. भाचा म्हणतो, मेश बसवा, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारे एकमेकांशी जोडलेले डबे. लग्नाच्या तोंडावर घराला वायफायचे चार कॅमेरे बसवले, तोही खर्च झालाय. एकदा त्रासून मी सुनेला म्हणाले, 'तुझी मीटिंग असली की आमचं नेट संपतंच.' ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी मुलाकडून निरोप आला की ती वेगळं कनेक्शन घेणार आहे. मला ते वेगळी चूल मांडल्यासारखं वाटलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. मोठा प्लॅन घेऊ, तिला वेगळं कनेक्शन घेऊ देऊ, की आता हे कामच सोडू? मला यातलं काही कळत नाही."

उत्तर

ताई, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते सासू-सुनेचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही खर्चाच्या ओघात सहज लिहून गेलेल्या एका वाक्याशी थबकलो. त्या वाक्याकडे येतोच. आधी "सून नेट संपवते" या समजुतीचा हिशेब मांडू. हिशेब हा तुमचा प्रांत, तेव्हा आकडे तपासून घ्या.

तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १० कोटी बिट. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे फाइलच्या मापात सेकंदाला साडेबारा एमबी. (नेटवाला बिट सांगतो, कॉम्प्युटर बाइट दाखवतो. "१०० सांगितले आणि १२ मिळतात" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच निघते.) चांगल्या चित्राची व्हिडिओ मीटिंग दोन ते चार एमबीपीएसमध्ये भागते. आपण चार धरू. शंभरातले चार. त्याच वेळी मुलाने वर सिनेमा लावला, तुम्ही फोनवर कीर्तन लावलं, तरी तीसच्या पुढे आकडा जाणं कठीण. आणि तुमच्या पोर्टलला लागतं काय? एक पान, थोडे आकडे, कधीतरी छोटी फाइल. सलग एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. म्हणजे सूनबाईंनी कितीही मीटिंगा केल्या तरी तुमच्या वाट्याचं संपायचं काही कारण नाही.

तरीही "एकाने वापरलं की दुसऱ्याचं अडतं" हे आपल्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलंय, आणि ते उगाच नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मोडेम टेलिफोनच्या लाइनीवर चालायचा. घरात कोणी नेटवर बसलं की फोन एंगेज. माहेरचा फोन लागेना म्हणून मुलांना नेटवरून उठवलेलं अनेकींना आठवत असेल. त्या लाइनीत एका वेळी एकाचंच चालायचं. तुमच्या घरातली आजची व्यवस्था तशी नाही.

आज जे जातं-येतं ते तुकड्यांनी. ही कल्पना १९६० च्या दशकातली. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. आख्खी लाइन एकासाठी अडवून ठेवायची नाही. मजकुराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर कुठून आला आणि कुठे जायचा ते लिहायचं, आणि सगळ्यांचे तुकडे एकाच तारेतून एकामागोमाग सोडायचे. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. घरगुती नेटवर एक पॅकेट साधारण १५०० बाइटपर्यंतचं असतं. तीन एमबीचा फोटो पाठवलात तर त्याची दोन हजारांच्या आसपास पॅकेट होतात. १०० एमबीपीएसच्या लाइनीतून सेकंदाला अशी आठ हजारांच्या वर पॅकेट जाऊ शकतात. त्यात सूनबाईंच्या मीटिंगची काही शे. तुमच्या पोर्टलची पॅकेट त्यांच्या मधूनमधून आरामात निघून जातात.

आता यातला एक बारकावा बघा, कारण तुमच्या संशयाचं मूळ तिथे असावं. वाटेत एखादं पॅकेट हरवलं तर काय करायचं, याची उत्तरं कामागणिक वेगळी आहेत. पोर्टलचं पान किंवा तुमची फाइल जाते ती टीसीपी नावाच्या पद्धतीने. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी तिची मांडणी १९७४ मध्ये केली, आणि १ जानेवारी १९८३ला अमेरिकेतलं आर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचं पूर्वज जाळं, तिच्यावर आलं. या पद्धतीत पलीकडून पोच यावी लागते. पोच आली नाही तर पॅकेट पुन्हा पाठवायचं, आणि वाटेत गर्दी आहे असं समजून पाठवण्याचा वेगही कमी करायचा. जीएसटीचा एक आकडा गळून चालत नाही, म्हणून ही काटेकोर पद्धत. व्हिडिओ मीटिंगचं बहुधा उलट असतं. हरवलेल्या पॅकेटची वाट बघत बसलं तर बोलणं मागे पडेल, म्हणून ते सोडून पुढे जातात. चित्र क्षणभर फुटतं, आवाज किंचित खरखरतो, मीटिंग चालू राहते. म्हणून एकाच घरात, एकाच वेळी, "हिची मीटिंग झकास आणि माझं पोर्टल ठप्प" हे अगदी शक्य आहे, तेही तिने तुमचं काहीही न घेता.

मग पॅकेट हरवतायत कुठे? "नेट स्लो आहे" असं आपण म्हणतो तेव्हा वाटेतले निदान चार टप्पे एकाच शब्दात गुंडाळतो. तुमच्या लॅपटॉपपासून राउटरपर्यंतची हवा हा पहिला. राउटरपासून फायबरने, खांबाखांबावरून, नेटवाल्याच्या केंद्रापर्यंत हा दुसरा. तिथून मुंबईकडे आणि पुढे जिथे तुमचं पोर्टल आहे तिथपर्यंत तिसरा. आणि पोर्टलचा सर्व्हर स्वतः हा चौथा. तिसऱ्या टप्प्याबद्दल एवढंच सांगतो की अंतराला दोष देऊ नका. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक-मुंबई जाऊन-येऊन धरलं तरी नुसत्या अंतराला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. मधली यंत्रं आणि वळसे धरून थोडे जास्त, पण तुम्हाला जाणवणार नाहीत इतकेच.

चौथ्या टप्प्यावर शंका घ्यायला जागा आहे. विवरणपत्रांच्या मुदतीची महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की लाखो लोक एकाच दाराशी उभे असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवसांत वरच्या खोलीत मीटिंग असो वा नसो, पान अडकणारच. याचा छडा लावणं सोपं आहे. लॅपटॉपवर पोर्टल अडकलं की फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तेच पोर्टल उघडा. तिथेही अडकलं तर घरातलं कोणीच दोषी नाही. चहा करा आणि रात्री उशिरा किंवा पहाटे बसा.

पण माझा अंदाज पहिल्या टप्प्याचा आहे, आणि इथे ते वाक्य येतं. लग्नाच्या तोंडावर तुम्ही वायफायचे चार कॅमेरे बसवलेत. म्हणजे मार्गशीर्षात घरात सून आली त्याच सुमारास नेटवर चार नवे वापरकर्तेही आले, आणि ते रात्रंदिवस जागे असतात. तुम्ही दोष दिलात तो जिला नाव आणि चेहरा आहे तिला. माणसाचं असंच होतं.

आता हे कॅमेरे करतात काय ते पाहू. तुमच्या राउटरमधून बहुधा दोन प्रकारच्या लहरी निघतात, २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पाचवाल्या वेगवान, पण भिंत आणि स्लॅब त्यांना फारसा सोसत नाही. २.४ वाल्या लांब जातात, भिंतीतून बऱ्यापैकी झिरपतात, पण तिथे गर्दी फार. सूनबाई राउटरच्याच मजल्यावर बसतात, म्हणजे त्यांचा लॅपटॉप बहुधा ५ वर असणार. तुम्ही स्लॅबखाली, त्यातून लॅपटॉप जुना. तो २.४ वर असण्याची शक्यता मोठी. आणि घरगुती वायफाय कॅमेरे? त्यातले बहुतेक फक्त २.४ वरच चालतात.

वायफायचा नियम असा की एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका क्षणी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. ज्याला रेंज कमी, तो सावकाश बोलतो, म्हणून तेवढाच मजकूर पाठवायला तो हवा जास्त वेळ अडवून ठेवतो. फाटकावरचा आणि मागच्या बोळातला कॅमेरा राउटरपासून किती लांब आहेत? मध्ये किती भिंती? ते दोघे आपलं चित्र रखडत-रखडत वर पाठवत असतील, तर तितका वेळ तुमचा लॅपटॉप थांबलेला असतो. काही कॅमेरे हालचाल दिसली की जास्त पाठवतात. दुपारी शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत तुमच्या फाटकासमोर वर्दळ किती असते, ते तुम्हालाच माहीत. सूनबाई बहुधा तुमच्या वाटेवर नाहीतच, ताई. त्या दुसऱ्या लहरींवर आहेत.

आणि भरलेल्या रेषा? त्या एवढंच सांगतात की राउटरचा आवाज लॅपटॉपला नीट ऐकू येतोय. लॅपटॉपचा आवाज राउटरपर्यंत कसा पोचतो आणि बोलायला किती जण टपून बसलेत, हे त्या रेषांत कुठेच नसतं. मुलाच्या ९२ चंही तसंच. तो आकडा वरच्या खोलीतला, राउटरशेजारचा आणि त्याच्या फोनचा. तळमजल्यावरच्या तुमच्या लॅपटॉपबद्दल त्या आकड्याला काही माहीत नाही.

मी इथे बसून केलेला हा तर्क आहे, निदान नव्हे. तपासणी तुम्हीच करायची, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यायचं नाही. एक आठवडा टेबलावर वही ठेवा. अडकलं की वेळ, काय अडकलं, मोबाइल डेटावर ते उघडलं का, आणि वर मीटिंग चालू होती का, हे लिहा. शेवटचा रकाना रात्री भरा, सुनेला किंवा मुलाला विचारून. तेव्हाचा तेव्हा भरू नका. कारण सध्या असं होत असणार की मीटिंग नसताना अडकलं तर तुम्ही पोर्टलला बोल लावता आणि मीटिंग असताना अडकलं तर तिला. शिवाय तुम्ही पोर्टलवर बसताच दुपारी. सकाळी नेट कसं चालतं याची नोंदच कुणाकडे नाही. एक-दोन दिवस सकाळी दहाला मुद्दाम बसून बघा.

मग पिंग. नाव चमत्कारिक आहे पण काम अगदी साधं. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी लिहून एंटर दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे पिंग लिहायचं, एक जागा सोडायची आणि राउटरचा पत्ता टाकायचा. तो राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.) लॅपटॉप राउटरला "आहेस का?" असं चारदा विचारतो आणि "आहे" यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. घरातल्या घरात हा आकडा एकेरी असायला हवा, एक ते पाच. तो कधी ३, कधी १८०, कधी "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असा उड्या मारत असेल तर दोष घरातच आहे. नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत ठीक असेल, तर बाहेरचा एखादा पत्ता, उदाहरणार्थ गुगलचा ८.८.८.८, पिंग करा. राउटरचे आकडे शांत आणि बाहेरचे उड्या मारणारे, असं दिसलं तर बिघाड फाटकाबाहेरचा. मग नेटवाल्याला जरूर बोलवा.

त्यानंतर, पोर्टल अडकण्याच्या वेळी, चारही कॅमेरे अर्धा तास बंद ठेवून हेच पुन्हा करा. आणि एकदा लॅपटॉप वर नेऊन लॅन वायरने थेट राउटरला जोडा, सूनबाईंची मीटिंग चालू असतानाच. वायरवर पोर्टल पळायला लागलं तर बाकी चर्चेची गरज राहत नाही.

वर गेलाच आहात तर मुलाकडून राउटरच्या सेटिंगचं पान उघडून घ्या. घरातली कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत त्याची यादी तिथे असते. प्रत्येकाला घरापुरता पत्ता दिलेला असतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. असे पत्ते देशभरातल्या असंख्य घरांत तेच ते असतात. बाहेर जाताना राउटर ते बदलून सगळ्यांना एकच पत्ता लावतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ मध्येच वाटून संपला, म्हणून हा जुगाड. या यादीत टीव्ही, फोन, कॅमेरे दिसतीलच. एखादं अनोळखी नावही सापडेल, कारण लग्नघरात वायफायचा पासवर्ड मांडवभर झालेला असतो. तो बदलून टाका.

आता उपाय. प्लॅन ३०० चा करू नका, निदान ही तपासणी होईपर्यंत तरी. मुंबई-आग्रा महामार्ग आणखी चार पदरांनी वाढवला म्हणून द्वारकेच्या चौकात अडकलेली तुमची रिक्षा सुटत नाही. तुमची कोंडी चौकात आहे आणि नेटवाला तुम्हाला महामार्ग विकतोय. तो फसवतोय असं नाही. त्याच्याकडे विकायला तेच आहे.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ येत नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा वायफाय ॲडॉप्टर मिळतो, महात्मा गांधी रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात. पण ५ ला स्लॅब आवडत नाही, त्यामुळे फरक पडेलच याची खात्री नाही. घेण्याआधी सुनेचा किंवा मुलाचा लॅपटॉप तुमच्या टेबलावर ठेवून बघा.

भाच्याचा मेशही वाईट नाही, पण त्यात एक मेख आहे. मेशचा खालचा डबा वरच्या डब्याकडून नेट घेतो ते हवेतूनच, त्याच स्लॅबमधून. मोठ्या, पसरट घरात ते छान चालतं. तुमच्यासारख्या घरात मला वायर जास्त भरवशाची वाटते. वरच्या राउटरमधून कॅट-सिक्स जातीची लॅन वायर जिन्याच्या कडेने किंवा कन्सील पाइपात जागा असेल तर तिथून खाली पुढच्या खोलीत आणायची. ही वायर १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते, तुम्हाला १५-२० मीटर पुरेल. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र नेऊ नका. इलेक्ट्रिशियन "होतंय की" म्हणेल, तरीही नको. टोकाला पिना बसवून घ्या आणि सरळ लॅपटॉपला जोडा. फोनलाही चांगलं नेट हवं असेल तर घरात पडलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा करून, त्या टोकाला लावता येतो. मेशच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि वायरवर "एका वेळी एकानेच बोला" ही भानगड नाही. वर्षानुवर्षं एका जागी बसून काम करणाऱ्याने वायफायवर का बसावं, हे मला कधी उमगलेलं नाही.

कॅमेऱ्यांचं चित्र एक पायरी खाली आणा. चोवीस तास वर पाठवण्याऐवजी कार्डवर साठवायची सोय असेल तर ती लावा. त्यांना गेस्ट वायफायवर, म्हणजे त्याच राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नावावर, टाकलं की प्रश्न सुटला असं कोणी सांगेल. सुरक्षिततेसाठी ते चांगलं आहे, पण हवा तीच राहते.

वेगळ्या कनेक्शनबद्दल माझं मत कदाचित तुम्हाला रुचणार नाही. ते घ्यावं. पण सून नेट संपवते म्हणून नव्हे. तुमच्या घरात आता दोन माणसांची मिळकत नेटवर अवलंबून आहे आणि सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर खोदाई चालू आहे. एक फावडं पडलं की फायबर गेली, डबीवर लाल दिवा, आणि जोडणारा माणूस येईपर्यंत दोघीही हातावर हात ठेवून बसणार. दुसरं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं आणि जमल्यास दुसऱ्या बाजूच्या खांबावरून आलेलं असेल तर एक गेलं तरी दुसरं राहतं. दोन्ही एकाच खांबावरून आली तर एकाच फावड्यात जातील, एवढं घेण्याआधी विचारा. आणि दोन्हींचे पासवर्ड दोघींकडे असू द्या.

राहिला तो निरोप. तिला कनेक्शन राग आला म्हणून हवंय की कामासाठी, हे तुम्ही तिला विचारलेलंच नाही. बऱ्याच कंपन्यांना घरून काम करणाऱ्याचं नेट घरच्या टीव्ही-कॅमेऱ्यांपासून वेगळं असलेलं बरं वाटतं. तिचं तसंही असू शकेल. किंवा ती खरंच दुखावली असेल आणि "माझ्यामुळे आईंचं काम अडायला नको" इतकाच तिचा साधा हिशेब असेल. तिचं मौन आणि मुलाचा निरोप यांच्यामधली जागा तुम्ही चुलीने भरलीत. मुलाला मध्ये न घेता थेट तिच्याशी बोला, आणि तपासणीचा निकाल लागायची वाट बघू नका. "मी त्या दिवशी बोलले ते चुकीचं होतं, नेट तुझ्यामुळे अडत नसावं, पण नक्की कशामुळे अडतं ते मला शोधायचंय, शनिवारी अर्धा तास देशील?" एवढं पुरे. तुम्ही खाली पिंग बघा, ती वर एकेक कॅमेरा बंद करेल. तपासणीत तिचीच मीटिंग आड येते असं निघालंच, तर तेही वायर ओढून सुटण्यासारखं आहे. रुसण्यासारखं त्यात काही नाही.

आणि "मला यातलं काही कळत नाही" हे पत्रातलं शेवटचं वाक्य मला बिलकूल पटलेलं नाही. दर महिन्याला जीएसटीआर टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा पोर्टलवरचा तक्ता, समोर ठेवून वीस वर्कशॉपवाल्यांची खरेदीची बिलं जुळवणारी बाई, कुणाचं कराचं क्रेडिट का आलं नाही हे टप्प्याटप्प्याने मागे जाऊन शोधणारी बाई, पॅकेट लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंत कुठे अडलं हे शोधू शकत नाही? काम सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. तुमच्याकडे स्लॅबपेक्षा शेजारी त्रास देतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर आठ राउटर असतील तर ते एकमेकांच्या बोलण्यात अडकणारच. शक्य ती सगळी उपकरणं ५ वर न्या. २.४ साठी फोनवरच्या वायफाय तपासणाऱ्या ॲपने बघून तीनपैकी जो मोकळा असेल तो चॅनेल राउटरमध्ये निवडा. दुसरं, रात्री आठ ते अकराच दमछाक होत असेल आणि वायरवरही तसंच असेल, तर घरात शोधू नका. एक फायबर स्प्लिटरने फोडून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि नेटवाल्याने पुढे जेवढी क्षमता घेतलीय त्याहून जास्त गिऱ्हाइकं जोडली असतील तर सगळे एकदम टीव्हीसमोर बसल्यावर ते कळतं. तक्रार करताना "नेट स्लो आहे" असं सांगू नका, त्यावर "राउटर रीस्टार्ट करा" याखेरीज उत्तर मिळत नाही. "लॅन वायरवर, राउटरचं पिंग २, बाहेरचं ३००, रोज रात्री नऊला, हे चार दिवसांचे फोटो" असं लिहून पाठवा.